मिलची जिवाणी कोण सोडणार?



मागचा लेख पापडाच्या पिठाच्या मर्यादेवर होता आणि त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी आपापल्या सासूबाईंच्या पद्धती कळवल्या. यावेळचा विषय स्वयंपाकघरातला नाही, तरी पाणी गाळण्याचाच आहे. लिहू की नको यात पंधरा दिवस गेले, कारण गोष्ट घरातली आहे. ह्यांना आणि पुतण्याला विचारून लिहिते आहे. मिलचं नाव आणि गाव मात्र लिहिणार नाही.

आमच्या मामंजींनी भावांबरोबर एक छोटी पेपर मिल घातली होती. रद्दी आणि जुनी खोकी भिजवून तपकिरी क्राफ्ट कागद करायचा, ज्याची पुन्हा खोकी होतात. मामंजी गेल्यावर वाटे झाले तेव्हा कराच्या सोयीसाठी मलाही भागीदार केलं. मी बी.कॉम. झाले 1982 साली, पण त्या पदवीचा उपयोग इतकी वर्षं दूधवाल्याचा आणि महिला मंडळाचा हिशोब लिहिण्यापुरताच. दरवर्षी ऑडिटरचा माणूस फाइल घेऊन यायचा, पेन्सिलीने फुली मारलेली जागा दाखवायचा, मी सही करायचे आणि त्याला पोहे द्यायचे. तुमच्यातल्या कितीजणी अशाच भागीदार आहेत हे मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑडिटरचा माणूस आला त्या दिवशी घरात लाइट नव्हती, टीव्ही बंद, म्हणून फाइल वाचत बसले. नफा चांगला वाढलेला. मला आनंद झाला, कारण येणाऱ्या पंचकल्याणकात आपणही एखादा मोठा सवाल घ्यावा असं ह्यांच्या मनात होतं. मग सवयीने खर्चाची पानं उलटली. कागद मागच्या वर्षापेक्षा जास्त निघाला होता, रद्दी जास्त आली होती, बॉयलरचं जळण जास्त लागलं होतं. पण तुरटी निम्म्यावर आली होती. आणि युरिया, जो आधी दर महिन्याला यायचा, तो सात महिने एक पोतंसुद्धा आलं नव्हतं.

पेपर मिलमध्ये युरिया कशाला, असा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता. तेव्हा पुतण्याने सांगितलं होतं, ‘काकू, तो ईटीपीला लागतो.’ ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प. कागद वाढला आणि ईटीपीचा किराणा कमी झाला, म्हणजे घरात पाहुणे वाढले आणि डाळ-तांदूळ कमी आला. असा हिशोब कोणत्याही गृहिणीला खटकेल.

मी पुतण्याला म्हटलं, मला मिल बघायची आहे. तो हसला, पण घेऊन गेला.

तिथे जे पाहिलं ते आपल्या भाषेत सांगते. रद्दी एका मोठ्या हौदात पाण्याबरोबर घुसळतात, मिक्सरमध्ये चटणी वाटावी तशी. तो लगदा पातळ करून जाळीवर पसरतात. पाणी खाली गळतं, वर कागदाचा थर राहतो, तो दाबून गरम रोलवर वाळवतात. गळलेलं पाणी बरंचसं पुन्हा हौदात जातं. पण सगळंच फिरवता येत नाही. रद्दीबरोबर आलेला स्टार्च, डिंक, शाई, खोक्यांच्या चिकटपट्ट्यांचा गोंद, माती आणि बारीक तंतू पाण्यात साठत जातात, पाण्याला वास येतो, कागदावर डाग पडतात. म्हणून काही पाणी बाहेर काढावंच लागतं. हे बाहेर काढलेलं पाणी तपकिरी असतं, त्यावर फेस असतो आणि त्याला कुजक्या पेजेसारखा वास येतो.

त्यात विष फारसं नसतं, असं मिलवाले सांगतात. आमच्यासारख्या रद्दीवर चालणाऱ्या मिलपुरतं ते बरंचसं खरंही आहे. स्टार्च म्हणजे शेवटी खळच. मग नदीत गेली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात आपल्याकडच्या हवेत सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे तेवढ्यावरच जगतात. खळ पाण्यात पडली की ती खाणारे सूक्ष्म जीव भराभर वाढतात आणि तो प्राणवायू संपवतात. किती संपवतील याच्या मापाला बीओडी म्हणतात. आमच्या मिलच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला हजार मिलिग्रॅमच्या आसपास होता. भागाकार तुम्हीच करा: ते एक लिटर पाणी नदीच्या सव्वाशे लिटर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. नदीत सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण सरकारी मर्यादा 30 आहे. उन्हाळ्यात आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठावर मेलेल्या माशांचे फोटो अधूनमधून वर्तमानपत्रात येतात. ते मासे बहुतेक वेळा विषाने मरत नाहीत, पाण्यातल्या पाण्यात गुदमरून मरतात. कोणाच्या पाण्याने, ते त्या त्या वेळी ज्याने त्याने शोधावं. मला आमच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे.

ईटीपीत पहिल्यांदा जाळी आणि तुरटी. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की आजी घागरीत तुरटी फिरवायची, तेच इथे मोठ्या गोल टाकीत करतात. बारीक तंतू आणि माती एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. पण विरघळलेली खळ तुरटीने बसत नाही. तिच्यासाठी दुसरी टाकी. तिच्यात तळातून मोठे ब्लोअर रात्रंदिवस हवा सोडतात आणि जिवाणू ती खळ खातात. नदीत जे घडलं असतं तेच इथे घडवून आणायचं, फक्त माशांचा प्राणवायू न घेता. ही युक्ती 1914 साली इंग्लंडात मँचेस्टरला दोघा रसायनतज्ज्ञांनी काढली आणि आजही जगभर तीच चालते. तिसऱ्या टाकीत जिवाणूंचा गाळ खाली बसतो, वरचं पाणी बाहेर जातं आणि त्या गाळातला बराचसा पुन्हा हवेच्या टाकीत आणून सोडतात. मी म्हटलं, हे तर विरजण झालं! तिथला मुलगा बी.एस्सी. झालेला आहे, तो म्हणाला, ‘हो काकू, विरजणच. मेलं तर नवीन आणावं लागतं.’

युरियाचं कोडंही तिथेच सुटलं. कागदाच्या पाण्यात पिष्ट भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाही. म्हणजे जिवाणूंच्या पानात नुसता भात, आमटी नाही. म्हणून युरिया आणि डीएपी मोजून घालावं लागतं.

आणि सात महिने ते घातलं गेलं नव्हतं, कारण घालून उपयोगच नव्हता. मी गेले त्या दिवशी दोनपैकी एक ब्लोअर बंद होता आणि टाकीतलं पाणी काळं पडलं होतं. रात्री दुसराही बंद करायचे. विजेचं बिल वाचायचं. ही बचत अर्धी नसते, हे त्या मुलाने मला सांगितलं. हवा काही तास थांबली की जिवाणू मरू लागतात, आणि विरजण पुन्हा जमायला आठवडे लागतात. दिवसा चालवून रात्री बंद करणं म्हणजे जीव पोसायचे आणि रोज रात्री गुदमरून मारायचे. रात्रीचं पाणी मागच्या चरीतून ओढ्याला जायचं. बाहेरच्या पाइपला मापाचं यंत्र आहे. केंद्रीय मंडळाने 2014 साली मोठ्या प्रदूषणाच्या सतरा प्रकारच्या उद्योगांना तशी यंत्रं लावायला सांगितली, त्यात कागद आहे. पण पाणी त्या पाइपातून गेलंच नाही तर यंत्र काय मोजणार?

पहिली टाकी मात्र झकास चालू होती. का, तर तिच्यात बसलेले तंतू पुन्हा कागदात जातात, त्याचे पैसे येतात. जे परत मिळतं ते गाळायचं, जे परत मिळत नाही ते सोडून द्यायचं. तिथे उभी असताना मला आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, विहीर आठवली.

तुम्हा थोरल्या पिढीतल्यांना आठवत असेल. जाड सुती कापड दुहेरी करून पाणी गाळायचं, ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत वापरायचं. पण काम तिथे संपायचं नाही. कापड उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं, अडकलेले जीव एका भांड्यात घ्यायचे आणि ते भांडं हळूच विहिरीच्या पाण्याच्या पातळीपर्यंत नेऊन तिथे उलटं करायचं. वरून ओतायचं नाही. आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. याला आपण जिवाणी म्हणतो. गाळणं बरंचसं आपल्यासाठी असतं, आपलं पाणी स्वच्छ होतं. जिवाणी सोडण्यात आपला काडीचा फायदा नाही. ती पाण्यासाठी आणि पाण्यातल्यांसाठी. आता नळ आले, फिल्टर आले, गाळणं राहिलं आणि जिवाणी बहुतेक घरांतून गेली. माझ्याही. मग मिलमध्ये ती राहील अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तरी करते आहे.

पुतण्या वाईट मुलगा नाही. त्याची बाजू त्याने मांडली आणि ती मी इथे प्रामाणिकपणे लिहिते. ‘काकू, शेजारचा चालवत नाही, त्याचा कागद स्वस्त पडतो. खोकीवाला पाच पैशांसाठी गिऱ्हाईक बदलतो. मी एकट्याने चालवलं तर मी बंद पडेन, मग सव्वाशे माणसांचं काय?’ यातला शेवटचा मुद्दा हलका नाही. त्या माणसांच्या बायका मला नावाने ओळखतात.

पण मी रात्री वही घेऊन बसले. ईटीपी नीट चालवायचा वीज, तुरटी, युरिया, पगार आणि गाळ उचलण्याचा सगळा खर्च वर्षाच्या कागदाने भागला, तर किलोला तीसेक पैसे आले. म्हणजे एका मध्यम खोक्यामागे बारा-पंधरा पैसे. मग मी पाहिलं की हा खर्च वहीत लिहिला कुठे आहे. ‘इतर खर्च’ या सदरात! दंड, दिवाळीची मिठाई, मशीनची पूजा आणि ईटीपी एकाच पानावर. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की जो खर्च केल्याशिवाय माल तयार होत नाही तो उत्पादन खात्यात जातो. रद्दीशिवाय कागद होत नाही, तसा सांडपाण्याशिवायही होत नाही. मग त्या पाण्याचा खर्च रद्दीच्या शेजारी लिहायला हवा. ‘इतर’मध्ये लिहिलेला खर्च हात आखडायची वेळ आली की आधी कापला जातो. रद्दी कोणी कापत नाही. आणि हा खर्च कापल्यामुळे वाढलेला जो नफा मी आनंदाने बघत होते, तो नफा नव्हताच. ती ओढ्याकडून घेतलेली उसनवारी होती, आणि ओढ्याला तगादा लावता येत नाही.

त्याच उसनवारीतून आम्ही पंचकल्याणकात सवाल घेणार होतो. पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात श्रावकाचे गुण सांगताना सुरुवातच न्यायाने मिळवलेल्या धनापासून केली आहे. दान त्यानंतर. हे आपण स्वाध्यायात वाचतो आणि पुढच्या श्लोकाकडे जातो.

आता एक शंका, जी स्वाध्यायाला येणाऱ्या एका ताईंनी मला अगदी गंभीरपणे विचारली: त्या टाकीत कोट्यवधी जीव वाढवायचे आणि नंतर त्यांचा गाळ वाळवायचा, ही हिंसा नाही का? मग आपण ईटीपीचा आग्रह कसा धरायचा? मी पंडित नाही, मला समजलं तेवढं सांगते. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आहे. आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण सुटत नाही, तिथे यत्नाचार सांगितला आहे. कागदाची मिल घातली तेव्हाच उद्योगी हिंसा पत्करली. टाकी नसली म्हणजे हिंसा टळत नाही, ती ओढ्यात जाऊन मोठी होते. तिथे मासे आहेत, बेडूक आहेत, खाली गुरं पाणी पितात, माणसं पितात. पंचेंद्रियांपर्यंत सगळे. टाकी हा यत्नाचार आहे, आणि चालू ब्लोअर बिलासाठी बंद करणं हे मात्र मला संकल्पीच्या फार जवळचं वाटतं. महाराजांचा चातुर्मास जवळ झाला तर त्यांनाही विचारीन. माझं चुकत असेल तर दुरुस्ती इथेच छापीन.

गाळाची एक गंमतही सांगते, म्हणजे गंमत मला वाटली नाही. पहिल्या टाकीत कधी कधी इतका हलका गाळ निघतो की तो कागदात जात नाही. तो आमच्याकडून एक जण विकत नेई. कशासाठी, विचारलं तर अंड्यांचे ट्रे करायला! तीन पिढ्या जैन घराणं आणि गाळ जातो अंड्यांच्या ट्रेला. आता जाड पुठ्ठा करणारा एक गिऱ्हाईक सापडला आहे. थोडा कमी भाव देतो.

आमची मिल तपकिरी कागदाची म्हणून तुलनेने सुटसुटीत. पांढऱ्या कागदाचं प्रकरण वेगळं. लाकूड, बांबू किंवा उसाची चिपाडं रसायनांत शिजवली की काळं पाणी निघतं. मोठ्या मिल ते आटवून जाळतात आणि त्यातली रसायनं परत मिळवतात. छोट्यांना ते यंत्र परवडत नाही. त्यातलं लिग्निन जिवाणू सहजी खात नाहीत, म्हणून पाणी शुद्ध होऊनही चहासारखं दिसतं. आणि शुभ्रपणासाठी क्लोरीन वापरला की काही घातक संयुगं तयार होतात, ती कमी करायची बंधनं आपल्याकडे 2003 च्या सनदेत घातली गेली. माझी भाची कॅनडात ओंटारिओत असते. तिथे ड्रायडन गावच्या कागद कारखान्याशी जोडलेल्या रासायनिक कारखान्याने 1962 ते 1970 या काळात सुमारे दहा टन पारा नदीत सोडला. मासे खाणारे खालच्या गावांतले मूळ रहिवासी त्याचे परिणाम आजही भोगत आहेत. आठ वर्षांची सांडणी आणि साठ वर्षांची फेड.

म्हणून आपल्या पत्रिकांबद्दल एक बोलते, राग मानू नका. पूजेची आठ पानी गुळगुळीत पत्रिका, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, सोनेरी फॉइल आणि आत भगवंतांचा फोटो. तिचं नंतर काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. रद्दीत टाकली तर अविनय, म्हणून पोत्यात भरून नदीत ‘विसर्जन’. ज्या गाळलेल्या पाण्याचा आपण एवढा विचार करतो, त्यातच. रद्दीत गेली तरी पापुद्र्याचं प्लॅस्टिक मिलच्या हौदात तरंगतं आणि ढिगाने बाहेर पडतं. तो ढीग मी पाहिला आहे. साध्या कागदावर एका रंगात, फोटोशिवाय छापलेली पत्रिका आमच्या बस्तीत आता निघते. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, कंजूषपणा आहे. म्हणू देत.

कायदा आपल्या बाजूने आहे हेही भागीदार म्हणून सह्या करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. पाणी प्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की ज्यांचा सांडपाणी प्रकल्प चालू नाही त्या उद्योगांना चालू ठेवू नये. खटला झाला तर ‘मला काही माहीत नव्हतं, मी फक्त सही केली’ हे उत्तर किती टिकेल, ते आपापल्या वकिलाला विचारा. मी विचारलं. उत्तर ऐकून रात्री झोप लागली नाही.

त्या वर्षी मी सही केली नाही. घरात आठ दिवस अबोला होता. ह्यांनी जेवताना फक्त एवढंच म्हटलं, ‘चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू फाइल वाचलीस.’ कौतुक होतं की तक्रार, अजून कळलेलं नाही. मग पुतण्याच आला. दुसरा ब्लोअर दुरुस्त झाला, मागची चर सिमेंटने बुजवली, विरजण दुसऱ्या मिलमधून टँकरने आणलं आणि ईटीपीला विजेचा वेगळा मीटर बसला. तो मीटर ही माझी मागणी होती, कारण वह्या सांगतात ते महिन्याने, मीटर सांगतो ते रोज. आता रोज सकाळी सामायिक झालं की मोबाइलवर त्या मीटरचा फोटो येतो आणि मी आकडा डायरीत लिहिते. नफा उतरला. दोन गिऱ्हाइकं गेली, त्यातलं एक परत आलं. पंचकल्याणकात सवाल घेतला नाही, साधी पूजा केली. मंडपात मागच्या रांगेत बसले होते, तेव्हा पुढच्या बाई शेजारणीला विचारत होत्या की यांचं मिलचं काही बिनसलंय का.

ओढा लगेच स्वच्छ झाला असं नाही, वर आणखी कारखाने आहेत. शेजारच्या मिलवाल्यांच्या सूनबाई आमच्या मंडळात आहेत, त्याही नावापुरत्या भागीदार आहेत. त्यांना मी फाइल घेऊन बुधवारी घरी बोलावलं आहे. तुरटी, युरिया, वीज आणि गाळ, एवढ्या चार ओळी तीन वर्षांच्या शेजारी शेजारी लिहायच्या, त्याच्या वर कागदाचं उत्पादन. कोणाला शिकायचं असेल तर याच, दुपारी तीननंतर. चष्मा आणि मागची तीन वर्षं आणा.